दोन जीबीत तुझी भावजय

तीर्थरूप ताई,

लांबूनच पाया पडतो. (मनातल्या मनात. प्रत्यक्ष वाकलो तर कंबर तिथेच राहील आणि मला उठवायला तुलाच गाडी पकडून यावं लागेल.) तुझे गुडघे काय म्हणतात? मागच्या पत्रात डावा दुखतो म्हणून लिहिलं होतंस आणि परवा फोनवर उजवा म्हणालीस. एकदा काय ते नक्की कर, म्हणजे मला काळजी तरी बरोबर गुडघ्याची करता येईल. दाजींना नमस्कार सांग आणि त्यांची पँट मी कमरेत सैल केली आहे, आता आणखी सैल होणार नाही हेही सांग. आत सोडलेलं कापड संपलं.

इकडे सगळं ठीक आहे. मी ठणठणीत आहे. येत्या सोमवारी ऑपरेशन असलं तरी मी अजिबात घाबरलेलो नाही, हे पत्र वाचून होईपर्यंत कृपया लक्षात ठेव, कारण मध्ये मध्ये तुला तसं वाटण्याचा संभव आहे.

तुझ्या भावजयीच्या गळ्यातल्या गाठीचं तुला ठाऊकच आहे. गाठ साधी आहे, काढली की विषय संपला, असं डॉक्टर म्हणाले. इथपर्यंत उत्तम. पण आम्ही खुर्चीवरून उठता उठता त्यांनी सांगितलं, की आवाजाची नस त्या गाठीला अगदी लगटून गेली आहे, तेव्हा नंतर आवाज थोडा बदलेल, घोगरा होईल, क्वचित जाईलही. आता, ताई, हे 'क्वचित' त्यांनी ज्या सुरात म्हटलं ना, त्याच सुरात मी उभं आयुष्य गिऱ्हाइकांना 'मंगळवारी नक्की देतो' म्हणत आलो आहे. तो सूर मी ओळखतो. ती मात्र शांत. तिने डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला, की उशी घरून आणली तर चालेल का, दवाखान्यातल्या उशांवर तिचा विश्वास नाही.

घरी येईपर्यंत माझं ठरलं होतं. आवाज जायचाच असेल तर तो आधी काढून ठेवायचा. पोरीने तिचा जुना फोन मला दिलेला आहे, त्यात आवाज टेप होतो. मी कामाला लागलो. आधी स्वतः एक मिनिट बोलून बघितलं (काय बोलावं ते सुचेना, म्हणून शेजारच्या मास्तरांची मापं म्हटली: छाती, कंबर, बाही, कॉलर) आणि तपासलं, तर एका मिनिटाला एक एमबी जागा खर्च झाली होती. फोनमध्ये शिल्लक जागा होती दोन जीबी. बाकी सगळा फोन पोरीच्या फोटोंनी भरलेला, त्यातले निम्मे तिच्या मांजराचे, आणि ते पुसायचे नाहीत अशी सक्त ताकीद. म्हणजे हिशेब अगदी सोपा होता. फक्त एका जीबीत एमबी किती, एवढंच मला माहीत नव्हतं.

दुकानासमोर बटणवाला बसतो. त्याला जगातलं सगळं माहीत असतं (कुठलं बटण कुठल्या डब्यात आहे एवढं सोडून). त्याला विचारलं. तो म्हणाला, त्यात काय, जीबी म्हणजे वार समज आणि एमबी म्हणजे इंच. आता त्या माणसाला म्हणायचं होतं की एक मोठं आणि एक लहान. पण शिंप्याला वार आणि इंच म्हटल्यावर शिंपी काय समजणार? वाराला छत्तीस इंच. दोन वार कापड, बहात्तर इंच. म्हणजे बहात्तर मिनिटं.

थांब, अजून आहे. नव्या कापडाला मी आट धरल्याशिवाय कात्री लावत नाही, तुला माहीत आहे. धुतल्यावर गिऱ्हाईक बोंब मारत येतं त्यापेक्षा आधीच थोडं कमी धरलेलं बरं. आवाज काही कोणी धुवायला टाकणार नाही हे मलाही कळतं, पण सवय. शिवाय दोन्ही टोकांना शिवणीत थोडं जाणार: सुरुवातीला घसा खाकरणं, शेवटी 'झालं का?' विचारणं. सगळं वजा जाता निव्वळ एक तास हातात राहिला. मी घरच्या मशीनवरून उठलो, स्वयंपाकघरात गेलो आणि तिला सांगितलं, की हे बघ, तुझ्याकडे एक तास आहे. त्यात जे काय बोलायचं ते बोलून घे. जपून बोल. महत्त्वाचं तेवढंच.

अगं, मी हे असं सांगायला नको होतं. ती हातातलं फडकं धरून बघतच राहिली. 'तास?' म्हणाली. 'सगळं मिळून?' मी म्हटलं, सगळं मिळून. मग ती ओटा पुसायला लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही पहिली बैठक केली. तुझी भावजय कपाटातले ठेवणीतले कपडे घालून आली. मी म्हटलं, अगं, फक्त आवाज येणार आहे. ती म्हणाली, 'असू दे, पण मला तर माहीत असणार ना मी काय घातलंय.' खुर्चीत ताठ बसली. मी बटण दाबलं. आणि जी बाई दारात दुधवाल्याशी दूध नासेपर्यंत बोलू शकते, ती गाडी किती उशिराने धावते आहे ते सांगणाऱ्या बाईसारखं बोलायला लागली. 'मी बोलत आहे. माझी तब्येत बरी आहे. आज हवा चांगली आहे.' मी हातवारे करून सांगतो आहे, की मोकळं बोल, मोकळं बोल, तर ती थांबून विचारते, काय म्हणता, मग मी सांगतो, मग ती म्हणते असं होय, आणि या भानगडीत अडीच इंच गेले. तेवढ्यात शेजारच्यांचा मिक्सर सुरू झाला. मी धावत जाऊन बंद करायला सांगितलं, तर शेजारीण काळजीने विचारत विचारत आमच्या घरात आली आणि पाच इंच तीच बोलली. ते पुसताही येईना. म्हणजे येत असेल, पण चुकून भलतंच पुसलं गेलं तर काय, या धास्तीने मी त्या यादी-बिदीला हातच लावला नाही. शेजारीण आता कायमची त्यात आहे.

दुसऱ्या बैठकीला ती तयारी करून आली. म्हणाली, 'आता मी बोलते, तुम्ही मध्ये बोलू नका.' मला वाटलं, आता काहीतरी आतलं बोलणार. चाळीस वर्षांचा संसार, काही राहून गेलेलं असतं, काही सांगायचं असतं. मी सावरून बसलो (रुमालही जवळ ठेवला होता, घामासाठी). आणि तिने सुरू केलं. गॅसचा पाइप कधी बदलायचा. पाण्याची टाकी भरली की नळ कुठल्या बाजूला फिरवायचा. लोकरीचे कपडे कुठल्या ट्रंकेत. रक्तदाबाची गोळी सकाळी, खाऊन झाल्यावर, उपाशीपोटी नाही, आणि घेतली की नाही ते आठवत नसेल तर दुसरी घ्यायची नाही. धाकट्या दिराला वाढदिवसाला फोन करायचा, तो करत नसला तरी. मी ऐकतोय, ऐकतोय, आणि इंच भराभर चाललेत. शेवटी राहवेना. म्हटलं, अगं बाई, हे कागदावर लिहून दे की! यात आवाज कशाला वाया घालवतेस? स्वतःचं काहीतरी बोल. त्यावर ती म्हणाली, 'हे माझंच आहे. आणि लिहिलेलं तुम्ही कधी वाचलंय? बोललेलं ऐकत नसाल, पण कानावर तरी पडतं.'

मी गप्प बसलो. टेपमध्ये ती शांतता साधारण अर्धा इंच आहे.

पण खरी पंचाईत बैठकांच्या बाहेर झाली. मी तास सांगितल्यापासून तिने घरातही बोलणं मोजायला सुरुवात केली. तिला वाटलं, आवाज साठवायचा म्हणजे वापरायचाच नाही. सकाळी चहा पुढ्यात यायचा, बरोबर एक शब्द यायचा नाही. कोणाचं लग्न मोडलं, कोणी नवीन गाडी घेतली, खालच्या मजल्यावर कोण कोणाशी बोलत नाही, हे मला कळेनासं झालं. मी शिवत बसायचो, मशीन थांबवलं की घर ऐकू यायचं. भिंतीवरचं घड्याळ ऐकू यायचं, ताई. ते घड्याळ आवाज करतं हेच मला माहीत नव्हतं. एका संध्याकाळी मी एका बाहीला दोनदा उलटी शिवण घातली आणि एकदम लक्षात आलं, की सोमवारनंतर ते 'क्वचित' खरं झालं तर घर असंच असेल. जे टाळायला मी धडपडतोय ते मी स्वतःच आठवडाभर आधी घरात आणून बसवलंय. तोंडचं पाणी पळालं माझ्या. (घाबरलो नाही. पाणी पळालं.)

त्यात तास संपला. माझ्या घड्याळाप्रमाणे पुरता तास झाला तेव्हा मी फोनमधली शिल्लक बघितली. तिथे लिहिलं होतं, एक पूर्णांक नऊ जीबी. म्हणजे एक वार नऊ इंच, म्हणजे पंचेचाळीस इंच शिल्लक. बहात्तरातून पंचेचाळीस गेले, राहिले सत्तावीस. म्हणजे फोनने घेतली सत्तावीस मिनिटं आणि ती तर बोलली होती साठ! मग तेहेतीस मिनिटं गेली कुठे? मी पुन्हा मांडलं, पुन्हा तेहेतीस. कुठली गेली असतील? गोळीची? ट्रंकेची? की शेवटी शेवटी ती आपल्या भाड्याच्या पहिल्या खोलीविषयी बोलली होती, ती? दुकान तसंच उघडं टाकून, गळ्यात मापाची टेप लटकलेली, मी चौकातल्या मोबाईलवालीकडे गेलो.

ही मोबाईलवाली आपल्या पोरीच्या वयाची आहे. डोळ्याला भिंग लावून फोनची पोटं उघडत बसलेली असते. मी तिला म्हटलं, बाई, माझ्या बायकोची तेहेतीस मिनिटं हरवली आहेत, ती आधी शोधून दे. दुकानातलं एक गिऱ्हाईक हळूच बाहेर गेलं. तिने मात्र भिंग काढलं, मला स्टूल दिलं, आणि एकेक टेप उघडून वाजवून दाखवली. सगळं होतं. हवा चांगली आहे, शेजारीण, गॅसचा पाइप, गोळी, खोली. एक इंच हरवला नव्हता. मग तिने विचारलं, काका, तेहेतीसचा हा आकडा आणला कुठून? मी सगळी मांडणी सांगितली, वार, इंच, आट, शिवण. ती हसली नाही. (खाली वाकून बराच वेळ स्क्रू शोधत होती, पण ते कामाचं असेल.)

मग ती म्हणाली, काका, तुम्ही कापडाची घडी घालता ना? एक घडी घातली की दोन पदर. पुन्हा घातली की चार. मग आठ, सोळा, बत्तीस, चौसष्ट. यंत्राला दहा-दहा करून मोजणं जमत नाही, त्याला फक्त घडी घालता येते, दुप्पट, दुप्पट. दहा घड्या घातल्या की किती पदर होतात? मी तिथेच बोटांवर मोजलं: एकशे अठ्ठावीस, दोनशे छप्पन्न, पाचशे बारा, हजार चोवीस. ती म्हणाली, झालं तर. एका जीबीत हजार चोवीस एमबी. एका एमबीत हजार चोवीस केबी. आणि केबीत तेवढेच बाइट, ते इतके बारीक की त्यांची काळजी तुम्ही करू नका. आणि तो पूर्णांक नऊ म्हणजे इंच नव्हेत, जवळजवळ दोनच जीबी अजून पडून आहेत.

ताई, मला एवढी वर्षं कोणी गणित शिकवायचं तर असं का नाही शिकवलं? (नंतर दुकानात येऊन अस्तराच्या तुकड्याला दहा घड्या घालून बघितल्या. सहाव्या घडीला त्याची वीट झाली. पण तत्त्व पटलं.) मी म्हटलं, म्हणजे दोन जीबीत दोन हजार अठ्ठेचाळीस मिनिटं? तेवढ्यात बटणवाला, जो माझ्या मागोमाग आलाच होता, म्हणाला, छे, सरळ हजारच धरतात, मी डब्यांवर छापलेलं वाचलंय. मोबाईलवाली म्हणाली, दोन्ही चालतं, विकणारे बरेचदा हजाराने मोजतात, यंत्रं बरेचदा हजार चोवीसने. जागा तीच असते, आकडे दोन दिसतात. हे मला लगेच समजलं, कारण माझ्या टेपलाही एका बाजूला इंच आहेत आणि दुसऱ्या बाजूला सेंटिमीटर, त्याने माणसाची कंबर काही बदलत नाही. पण बटणवाल्याच्या हिशेबाने अठ्ठेचाळीस मिनिटं कमी भरत होती. मी त्याला स्पष्ट सांगितलं, की तू तुझ्या बटणांना काय लावायचं ते लाव, माझ्या बायकोला हजार चोवीसच लागतील. शेवटी मोबाईलवालीनेच फोनच्या पोटात बघून सांगितलं, की तुमचा फोन घड्यांनीच मोजतो. बटणवाला गेला. एकूण चौतीस तास. तिने विचारलं, पुरतील ना, काका? मी म्हटलं, तू काकूंना ओळखत नाहीस.

आणखी एक तिने सांगितलं, ते तुला कळवतो, कारण तेव्हापासून ते माझ्या डोक्यातून जात नाही. मी विचारलं, सगळ्यात लहान काय मावेल? तिने भांडी वाजत असलेल्या एका टेपमधला तुझ्या भावजयीचा नुसता एक 'हं' शोधून काढला. अर्धा सेकंद. म्हणाली, हा आठ केबीचा. ताई, आठ केबी म्हणजे काहीच नाही गं. मांजराच्या एका फोटोत तसले शेकडो बसतील. पण मी काही सांगत असलो आणि आतून तो 'हं' आला नाही, तर माझं पुढचं वाक्य निघत नाही.

घरी आलो. दारातूनच म्हटलं, बोल! तास नाही, चौतीस तास आहेत! माझं मोजायला चुकलं. ती ओट्याशी भांडी घासत होती. वळून बघितलं आणि म्हणाली, 'चौतीस? मग आता हात ओले आहेत, नंतर बोलते.' आणि नंतर कसलं, लगेच सुरू झाली. आठवडाभराचं साठलेलं होतं. खालच्या मजल्यावरचे दोघे पुन्हा बोलायला लागलेत. मास्तरांनी केस रंगवलेत. मी स्टूल ओढून तिथेच बसलो. शेवटचं भांडं पालथं पडेपर्यंत ती बोलत होती. फोन माझ्या खिशातच होता. चालू करायचं राहून गेलं. राहून गेलं नाही, केला नाही. ऐकत बसलो होतो.

तर हे असं आहे. मोबाईलवाली म्हणते, लिहिलेल्या मजकुराला फोनमध्ये फार थोडी जागा लागते, आपल्या एका अक्षराला तीन बाइट, कधी थोडे जास्त. त्या मानाने माझं हे एवढं लांबलचक पत्र तीस-पस्तीस केबीत बसेल. म्हणजे तुझ्या भावजयीच्या आवाजाचे दोन सेकंद. मी बोटं दुखेपर्यंत जे लिहिलं, तेवढ्या जागेत तिचं फक्त 'अहो, ऐकलंत का' होतं.

दोन्ही गुडघ्यांना जप. मुलांना आशीर्वाद.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. एक राहिलंच, आणि खरं म्हणजे पत्र त्यासाठीच काढलं. ती एरवी रोज दुपारी फोनवर तुला बोलके निरोप पाठवते, ते तुझ्याकडे असतील. माझ्यासमोर ती अजूनही जरा ताठ बोलते, तुझ्याशी मोकळं बोलते. तुझा फोन भरला की तू सगळं झाडून पुसतेस हे मला माहीत आहे. हे निरोप पुसू नकोस. किती एमबी होतात त्याची फिकीर करू नकोस, लागली तर नवी जागा मी घेऊन देईन. त्यात ती माझ्याविषयी काय बोलते, ते मी काही मनावर घेणार नाही.

ता. क. पुन्हा. फार वाईट बोलत असेल तर तसं आधी कळव.

(पुढचं अक्षर माझं आहे, वन्सं. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलंय.)

वन्सं, नमस्कार. सगळं वाचलं. त्या निरोपांतलं यांच्याविषयीचं तेवढं आधी पुसा आणि मग द्या. तसं केलंत तर काही उरणार नाही, ते वेगळं.

ऑपरेशन माझ्या गळ्याचं आहे आणि आवाज यांचा बसलाय. परवापासून घशातून शब्द फुटत नाहीये, कोमट पाणी पितायत आणि 'हवा बदललीय' म्हणतायत. म्हणून दोघींतच सांगते, रविवारपर्यंत या. माझ्यासाठी नको, मला तिथे झोपवूनच ठेवणार. पण हे बाहेर बाकावर एकटे बसले तर गळ्यातली टेप काढून भिंती मोजत सुटतील. तुमचा जो कुठला गुडघा बरा असेल त्याच्यावर या.

टेप मी ऐकल्या, हे दुकानात गेले की ऐकते. एका तासात मी असेन वीसेक मिनिटं. बाकी सगळे हेच, 'बोल, बोल, इंच संपत आले.' ते पुसू नका म्हणून यांना सांगितलंय मी.

आणि आता मागे लागलेत, सोमवारच्या आत चौतीस तास भरून टाक म्हणून. मी चार तासांवर थांबलेय. अजून पुष्कळ बोलता आलं असतं, पण उरलेली जागा मुद्दाम सोडलीय, यांना सांगितलेलं नाही. गाठ निघाल्यावर घोगरा, चिरका, कसला का होईना, जो आवाज येईल, त्याला राहायला जागा नको?